वयाची आणि प्रवासाची शाब्दिक उदाहरणे: वाक्यातून समीकरण कसे मांडावे

शाब्दिक उदाहरणांपाशी अडणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना समीकरण सोडवता येत असते. ३क्ष + १२ = २(क्ष + १२) असे फळ्यावर लिहून दिले, तर कंस सोडवून आणि पदे इकडची तिकडे करून क्ष ची किंमत काढायला त्यांना दोन मिनिटेही लागत नाहीत. मात्र "आज आईचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे, १२ वर्षांनंतर ते मुलीच्या वयाच्या दुप्पट असेल" हे वाक्य देऊन तेच समीकरण मांडायला सांगितले, की पेन वहीवर नुसते टेकून राहते. अडचण आकडेमोडीत नाही, ती वाचनात आहे, आणि वाचन शिकता येते. वयाची आणि प्रवासाची उदाहरणे शालेय परीक्षांत येतात, पुढे स्पर्धा परीक्षांतही येतात, आणि या दोन प्रकारांत वाचनाच्या जवळजवळ सगळ्या चुका एकदा तरी भेटतात. म्हणून हेच दोन प्रकार येथे घेतले आहेत.

पुढचे सर्व काही एका गोष्टीवर उभे आहे, ती आधी सांगतो. समीकरण म्हणजे एकाच राशीची दोन वर्णने. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे एक गोष्ट आणि उजवीकडे दुसरी असे नसते. गोष्ट एकच असते, ती दोन वाटांनी मोजलेली असते. वरच्या उदाहरणात ती गोष्ट म्हणजे १२ वर्षांनंतरचे आईचे वय. एका वाटेने ते "आईचे आजचे वय अधिक १२" आहे आणि दुसऱ्या वाटेने "मुलीच्या त्या वेळच्या वयाची दुप्पट" आहे. त्यामुळे "क्ष कशाला मानू?" हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न "या उदाहरणात कोणती राशी दोनदा सांगितली आहे?" हा असायला हवा.

अज्ञाताला नाव देताना

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात अज्ञात संख्येसाठी 'यावत्तावत्' हा शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ "जितके असेल तितके". अज्ञात संख्या एकाहून अधिक असतील, तर पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली जात आणि त्या नावांची पहिली अक्षरे घेऊन गणित मांडले जाई. आजच्या पाठ्यपुस्तकांत रोमन अक्षरे छापतात. मी येथे जुन्या मराठी पुस्तकांच्या रीतीने क्ष आणि य वापरणार आहे. अक्षर कोणतेही चालते, पण ते कोणत्या संख्येचे नाव आहे हे संदिग्ध राहून चालत नाही.

"क्ष = मुलगी" असे लिहिणे चूक आहे, कारण मुलगी ही संख्या नव्हे. "क्ष = मुलीचे वय" हेही अपुरे आहे, कारण ते वय कधीचे हे त्यात सांगितलेले नाही. "मुलीचे आजचे वय क्ष वर्षे मानू" हे वाक्य पूर्ण आहे: त्यात राशी आहे, क्षण आहे आणि एकक आहे. प्रवासाच्या उदाहरणात हेच वाक्य "पहिल्या गाडीचा वेग ताशी क्ष किमी मानू" असे होते. परीक्षेत हे वाक्य लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहू नये, असा माझा आग्रह आहे. तो गुणांसाठी नाही. अर्धवट मानलेला क्ष तीन ओळींनंतर स्वतःचा अर्थ बदलतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही, म्हणून आहे.

दोघांपैकी कोणाला क्ष मानावे, याचे उत्तर बहुधा वाक्यातच असते. "आईचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट" या वाक्यात माप मुलीच्या वयाचे आहे आणि आईचे वय त्या मापाने मोजले आहे. म्हणून मुलीचे वय क्ष घेतले, की आईचे ३क्ष होते. उलट केले तरी उत्तर चुकत नाही, पण क्ष/३ असा अपूर्णांक शेवटपर्यंत सांभाळत बसावे लागते.

प्रत्यय काय सांगतात

मराठीत कोणती क्रिया करायची हे बहुतेक वेळा शब्दांना लागलेल्या प्रत्ययांवरून कळते, आणि या गुणाचा उपयोग फार कमी विद्यार्थी करतात. 'च्या' नंतर पट, निम्मे किंवा "एक तृतीयांश" असा शब्द आला, तर गुणाकार समजावा. 'पेक्षा' किंवा 'हून' आणि त्यानंतर "५ ने जास्त", "५ ने कमी" असे आले, तर बेरीज किंवा वजाबाकी. "वयात ५ मिळवले" यातील 'त' हा प्रत्यय बेरीज दाखवतो, "वयातून ५ वजा केले" यातील 'तून' वजाबाकी दाखवतो, आणि ज्याला 'तून' लागला आहे ती राशी वजाबाकीत आधी येते.

आता पुढील दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. "मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ५ ने कमी" म्हणजे ३क्ष − ५. "मुलाच्या वयातून ५ वजा करून येणाऱ्या संख्येची तिप्पट" म्हणजे ३(क्ष − ५), म्हणजेच ३क्ष − १५. शब्द जवळजवळ तेच, आणि फरक १० वर्षांचा. येथे चुकू नये यासाठी वाक्य डावीकडून उजवीकडे एकेक टप्पा घेत वाचावे आणि प्रत्येक टप्प्यावर तोपर्यंतची संपूर्ण राशी लिहावी. पहिल्या वाक्यात: मुलाचे वय, क्ष, त्याची तिप्पट, ३क्ष, त्यापेक्षा ५ ने कमी, ३क्ष − ५. दुसऱ्यात: मुलाचे वय, क्ष; त्यातून ५ वजा, (क्ष − ५); त्या संख्येची तिप्पट, ३(क्ष − ५). बेरीज किंवा वजाबाकी झाल्यानंतर पट आली, की आधीची राशी कंसात जाते. कंस विसरण्याची चूक मुळात हा टप्पा न लिहिल्यामुळे होते.

'पट' आणि 'ने' यांची गल्लत करू नये: "३ पट" म्हणजे ३क्ष, "३ ने जास्त" म्हणजे क्ष + ३. "तिपटीने जास्त" ही रचना मात्र खरोखरच संदिग्ध आहे. कोणी ती ३क्ष वाचतो, कोणी ४क्ष. प्रश्न काढणाऱ्याने ती टाळायला हवी, आणि कोठे आढळलीच, तर दोन्ही अर्थ घेऊन कोणत्या अर्थाने बाकीच्या अटी जुळतात हे पाहावे.

अपूर्णांकांसाठी आपल्या भाषेत स्वतंत्र शब्द आहेत, आणि ते हल्लीच्या मुलांना अडवतात. सव्वापट म्हणजे ५/४, दीडपट ३/२, पावणेदोनपट ७/४, अडीचपट ५/२, पाऊणपट ३/४. 'सव्वा' म्हणजे पूर्ण संख्येपेक्षा पाव जास्त, 'साडे' म्हणजे अर्धा जास्त, 'पावणे' म्हणजे पाव कमी. म्हणून पावणेतीन तास ११/४ तास होतात आणि सव्वातीन तास १३/४. वाक्य वाचतानाच हे शब्द अपूर्णांकांत लिहून घ्यावेत.

शेवटी क्रियापद. आहे, असेल, होईल, येते, इतके, एवढे हे शब्द बरोबरच्या चिन्हाची जागा दाखवतात. यातील 'होते' या रूपाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ते दोन क्रियापदांचे रूप आहे. "दोघांच्या वयांची बेरीज ५० होते" यातील 'होते' हे 'होणे' चे वर्तमानकाळी रूप आहे आणि ते आजबद्दल बोलते. "४ वर्षांपूर्वी त्यांचे वय ७२ होते" यातील 'होते' भूतकाळाचे आहे. दोन्ही ठिकाणी चिन्ह एकच येते, पण दुसऱ्या ठिकाणी त्या चिन्हाच्या दोन्ही बाजू ४ वर्षांपूर्वीच्या असायला हव्यात. वयाच्या उदाहरणांतील सर्वांत मोठी चूक नेमकी येथे होते.

वयाची उदाहरणे

सुरुवातीचेच उदाहरण घेऊ. मुलीचे आजचे वय क्ष वर्षे मानू. ज्या ज्या क्षणांचा उल्लेख आहे, त्या प्रत्येकासाठी एक ओळ लिहावी आणि त्या ओळीत प्रत्येक व्यक्तीचे त्या क्षणीचे वय मांडावे:

आज: मुलगी क्ष, आई ३क्ष
१२ वर्षांनंतर: मुलगी क्ष + १२, आई ३क्ष + १२

"१२ वर्षांनंतर आईचे वय मुलीच्या वयाच्या दुप्पट असेल" हे वाक्य संपूर्णपणे दुसऱ्या ओळीबद्दल आहे, म्हणून समीकरणाच्या दोन्ही बाजू दुसऱ्या ओळीतूनच घ्यायच्या:

३क्ष + १२ = २(क्ष + १२)

यावरून क्ष = १२; म्हणजे मुलगी १२ वर्षांची, आई ३६ वर्षांची. १२ वर्षांनी त्या २४ आणि ४८ वर्षांच्या होतील, आणि ४८ ही २४ ची दुप्पट आहे.

येथे होणाऱ्या दोन चुका पाहण्यासारख्या आहेत. कंस विसरून ३क्ष + १२ = २क्ष + १२ लिहिले, तर क्ष = ० येतो, म्हणजे मुलगी शून्य वर्षांची आणि आईही शून्य वर्षांची. ही चूक निदान स्वतःहून ओरडते. दुसरी चूक घातक आहे: आईला १२ वर्षे मोठे करायचे विसरून ३क्ष = २(क्ष + १२) लिहिले, तर क्ष = २४ आणि आई ७२, असे सभ्य दिसणारे उत्तर मिळते. त्यात आई आजच्या ओळीतील आहे आणि मुलगी १२ वर्षांनंतरच्या ओळीतील. काळ सगळ्यांसाठी सारखाच पुढे जातो, हे वाक्य कधीच सांगत नाही. ते वाचणाऱ्याने आणायचे असते. याचाच दुसरा परिणाम असा, की दोघांच्या वयांची बेरीज ५ वर्षांनी ५ ने नव्हे, तर १० ने वाढते, आणि चौघांच्या कुटुंबाची २० ने.

आता दोन वेगळे क्षण असलेले उदाहरण. "४ वर्षांपूर्वी आजोबांचे वय नातीच्या वयाच्या आठपट होते. आजपासून ८ वर्षांनंतर ते तिच्या वयाच्या चौपट असेल." नातीचे आजचे वय क्ष आणि आजोबांचे य मानले, तर दोन वाक्यांची दोन समीकरणे होतात:

य − ४ = ८(क्ष − ४)
य + ८ = ४(क्ष + ८)

पहिल्यावरून य = ८क्ष − २८, दुसऱ्यावरून य = ४क्ष + २४; म्हणून ४क्ष = ५२, क्ष = १३ आणि य = ७६. पडताळा: ४ वर्षांपूर्वी ९ आणि ७२, ८ वर्षांनंतर २१ आणि ८४.

हे उदाहरण एका अज्ञातानेही सुटते, आणि ती वाट मला अधिक आवडते. 'आज' हा शब्द वाक्यात असला, तरी आजच्या वयांबद्दल कोणतीही अट नाही. पहिली अट ४ वर्षांपूर्वीची आहे. मग क्ष तेथेच का ठेवू नये? नातीचे ४ वर्षांपूर्वीचे वय क्ष मानू. त्या वेळी आजोबा ८क्ष. त्या क्षणापासून दुसऱ्या अटीच्या क्षणापर्यंत ४ + ८ = १२ वर्षे जातात. म्हणून

८क्ष + १२ = ४(क्ष + १२)

यावरून क्ष = ९. प्रश्न आजची वये विचारतो, तेव्हा ४ मिळवून १३ आणि ७६. हे शेवटचे मिळवणे विसरू नये. क्ष सापडला म्हणजे उत्तर सापडले असे नाही, क्ष ज्याचे नाव होते ती राशी सापडली.

वयाच्या उदाहरणांत एक गोष्ट कधी बदलत नाही: दोन माणसांच्या वयांतील फरक. पट मात्र काळ जाईल तशी कमी होत जाते, जशी वर आठावरून चारावर आली. म्हणून एखाद्या उदाहरणात पुढच्या काळी पट वाढलेली दिसली, तर वाक्य वाचण्यात चूक झाली आहे असे समजावे. न बदलणारा फरक हा सर्वांत गुंतागुंतीच्या उदाहरणांची किल्ली आहे. उदाहरणार्थ, ताई धाकट्या भावाला म्हणते: "मी तुझ्या आजच्या वयाची होते, तेव्हा तुझे वय तुझ्या आजच्या वयाच्या निम्मे होते. आज आपल्या दोघांच्या वयांची बेरीज ४५ आहे." हे वाक्य ऐकून गोंधळ होतो, पण ओळी लिहिल्या की तो उरत नाही. भावाचे आजचे वय क्ष, ताईचे य:

आज: भाऊ क्ष, ताई य
तेव्हा: भाऊ क्ष/२, ताई क्ष

'तेव्हा' म्हणजे किती वर्षांपूर्वी, हे सांगितलेले नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही. दोन्ही ओळींतील फरक सारखाच असणार: य − क्ष = क्ष − क्ष/२, म्हणजे य = ३क्ष/२. ताईचे वय भावाच्या दीडपट आहे. बेरीज ४५ असल्यामुळे ५क्ष/२ = ४५, क्ष = १८ आणि य = २७. नऊ वर्षांपूर्वी ताई १८ वर्षांची होती आणि भाऊ ९ वर्षांचा. येथे दोनदा सांगितलेली राशी कोणाचेही वय नसून वयांतील फरक आहे, हे लक्षात घ्यावे.

वयाच्या उदाहरणांचा आणखी एक प्रकार आयुष्याचे तुकडे करणारा आहे, आणि त्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना ग्रीक गणिती डायोफँटस याच्याबद्दलच्या एका जुन्या पद्यकूटात आहे. त्याच्या आयुष्याचा सहावा भाग बालपणात गेला, बारावा भाग गेल्यावर दाढी फुटली, आणखी सातवा भाग गेल्यावर लग्न झाले, लग्नानंतर ५ वर्षांनी मुलगा झाला, मुलाला वडिलांच्या आयुष्याच्या निम्मे आयुष्य लाभले, आणि मुलाच्या मृत्यूनंतर ४ वर्षांनी वडील गेले. येथे आयुष्य हीच दोनदा सांगितलेली राशी आहे: एकदा अखंड, एकदा तुकड्यांच्या बेरजेने.

क्ष/६ + क्ष/१२ + क्ष/७ + ५ + क्ष/२ + ४ = क्ष

छेदांचा लसावि ८४ आहे. अपूर्णांकांची बेरीज ७५क्ष/८४ येते, उरलेले ९क्ष/८४ म्हणजेच ९ वर्षे, आणि क्ष = ८४. मुलाचे आयुष्य वडिलांच्या आयुष्याचा एक तुकडा म्हणून येते, कारण तो जगला ती सर्व वर्षे वडीलही जगत होते. हा विचार न करता केवळ 'निम्मे' शब्द पाहून क्ष/२ लिहिले, तरी येथे उत्तर बरोबर येते, पण पुढच्या उदाहरणात ते येणार नाही.

प्रवासाची उदाहरणे

अंतर = वेग × वेळ हे सूत्र सर्वांना पाठ असते. त्यात तीन राशी आहेत. उदाहरणात बहुधा एक दिलेली असते, एक क्ष मानावी लागते, आणि तिसरी या दोहोंवरून लिहिता येते. समीकरण या तिसऱ्या राशीचे होते, हे ध्यानात ठेवले तर निम्मे काम होते. वेग क्ष मानला आणि अंतर दिलेले असले, तर समीकरण वेळेचे होणार; वेळ क्ष मानली आणि वेग दिलेले असले, तर ते अंतराचे होणार.

त्याआधी एकके सारखी करून घ्यावीत. वेग ताशी किलोमीटरमध्ये असेल, तर वेळ तासांत हवी. १ तास २० मिनिटे म्हणजे ४/३ तास, १.२० तास नव्हे, कारण १.२० तास म्हणजे १ तास १२ मिनिटे. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे असल्यास ५/१८ ने गुणावे: ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर.

मुंबई ते पुणे हे लोहमार्गाचे अंतर १९२ किमी आहे. समजा, सकाळी ७ वाजता एक गाडी मुंबईहून ताशी ४८ किमी वेगाने निघाली आणि साडेसात वाजता दुसरी गाडी पुण्याहून ताशी ६४ किमी वेगाने निघाली. त्या किती वाजता समोरासमोर येतील? प्रत्यक्षात कर्जतपुढे भोर घाट चढताना कोणत्याही गाडीचा वेग उतरतो, पण असल्या उदाहरणांत वेग आरंभापासून अंतापर्यंत एकसमान मानलेला असतो, आणि ते गृहीतक आपल्या मनात तरी स्पष्ट असावे. पहिली गाडी निघाल्यापासून भेटीपर्यंतची वेळ क्ष तास मानू. दुसरी अर्धा तास उशिरा निघाली, म्हणून ती क्ष − १/२ तास धावली. दोन्ही गाड्यांनी मिळून संपूर्ण १९२ किमी संपवले:

४८क्ष + ६४(क्ष − १/२) = १९२

११२क्ष = २२४, क्ष = २, म्हणजे ९ वाजता. उशिरा निघालेल्याची वेळ कमी असते, म्हणून तेथे वजाबाकी. "उशिरा" हा शब्द "नंतर" सारखा वाटल्यामुळे पुष्कळजण क्ष + १/२ लिहितात.

एकाच दिशेच्या प्रवासात समानता बदलते. पुण्याहून सकाळी ६ वाजता एक एस. टी. सोलापूरकडे ताशी ४५ किमी वेगाने निघाली, आणि ७ वाजून २० मिनिटांनी त्याच रस्त्याने एक मोटार ताशी ६५ किमी वेगाने निघाली. मोटार एस. टी.ला कधी गाठेल? गाठण्याच्या क्षणी दोघी एकाच ठिकाणी असतात आणि निघाल्या त्याही एकाच ठिकाणाहून, म्हणून दोघींनी कापलेले अंतर समान. मोटारीची वेळ क्ष तास मानली, तर एस. टी.ची क्ष + ४/३:

४५(क्ष + ४/३) = ६५क्ष

४५क्ष + ६० = ६५क्ष, म्हणून क्ष = ३. मोटार १० वाजून २० मिनिटांनी, पुण्यापासून १९५ किमीवर, एस. टी.ला गाठेल. समोरासमोर येण्यात अंतरांची बेरीज आणि गाठण्यात अंतरांची समानता, हा भेद चित्र काढल्यावर लगेच दिसतो. एक आडवी रेघ आणि दोन बाण एवढे चित्र पुरते.

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथातील गणितपादात या दोन्ही प्रकारांचा नियम एकाच श्लोकात दिला आहे: विरुद्ध दिशांनी येत असतील, तर मधल्या अंतराला गतियोगाने, म्हणजे दोन गतींच्या बेरजेने, भागावे, एकाच दिशेने जात असतील, तर गत्यंतराने. "गत्यंतर नाही" असे आपण रोज म्हणतो, तेथे त्याचा अर्थ "दुसरा मार्ग" असा आहे. आर्यभटाच्या श्लोकात मात्र तो दोन गतींमधील फरक आहे. वरच्या उदाहरणांचा पडताळा या नियमाने करता येतो. साडेसात वाजता गाड्यांमध्ये १९२ − २४ = १६८ किमी उरले होते, आणि १६८ ÷ ११२ म्हणजे दीड तास; उत्तर पुन्हा ९ वाजता. मोटार निघाली तेव्हा एस. टी. ६० किमी पुढे होती, आणि ६० ÷ २० म्हणजे ३ तास.

जाताना ताशी ४० किमी आणि त्याच रस्त्याने येताना ताशी ६० किमी वेग, एकूण वेळ ५ तास, तर अंतर किती? येथे क्ष अंतराला द्यावा, म्हणजे समीकरण वेळेचे होईल: क्ष/४० + क्ष/६० = ५, आणि क्ष = १२०. सरासरी वेग ताशी ५० धरून २५० ÷ २ = १२५ हे उत्तर चूक आहे, कारण कमी वेगाने जाताना वेळ जास्त जातो. जाण्या-येण्याचा सरासरी वेग २४० ÷ ५ म्हणजे ताशी ४८ किमी पडतो.

गाडीच्या लांबीच्या उदाहरणांत "कापलेले अंतर" या शब्दांकडे पुन्हा पाहावे लागते. खांब ओलांडताना गाडी स्वतःच्या लांबीइतके अंतर कापते, फलाट ओलांडताना स्वतःची लांबी अधिक फलाटाची लांबी. खांब ९ सेकंदांत आणि ३०० मीटरचा फलाट २४ सेकंदांत ओलांडला असेल, तर वेग हीच दोनदा सांगितलेली राशी: क्ष/९ = (क्ष + ३००)/२४. यावरून लांबी १८० मीटर आणि वेग सेकंदाला २० मीटर.

नावेच्या उदाहरणात दोन अज्ञात लागतात: संथ पाण्यातील नावेचा वेग क्ष आणि प्रवाहाचा वेग य. प्रवाहाच्या दिशेने वेग क्ष + य, विरुद्ध दिशेने क्ष − य. "एक नाव प्रवाहाच्या विरुद्ध ८ किमी आणि प्रवाहाच्या दिशेने ३६ किमी ४ तासांत जाते, तीच नाव विरुद्ध २० किमी आणि दिशेने २४ किमी साडेचार तासांत जाते." दोन्ही वाक्ये एकूण वेळ सांगतात:

८/(क्ष − य) + ३६/(क्ष + य) = ४
२०/(क्ष − य) + २४/(क्ष + य) = ९/२

१/(क्ष − य) ला अ आणि १/(क्ष + य) ला ब म्हटले, की ही साधी रेषीय समीकरणे होतात: ८अ + ३६ब = ४ आणि २०अ + २४ब = ९/२. सोडवल्यावर अ = १/८, ब = १/१२; म्हणजे क्ष − य = ८, क्ष + य = १२, नावेचा वेग ताशी १० किमी आणि प्रवाहाचा २ किमी. अ आणि ब सापडल्यावर थांबणारे विद्यार्थी अनेक असतात. उदाहरणाने अ विचारलेला नाही.

दहावीत हाच विषय वर्गसमीकरणापर्यंत जातो. "एका गाडीचा वेग ताशी १६ किमीने वाढवला, तर १९२ किमीचा प्रवास १ तास लवकर संपतो, मूळ वेग काढा." अंतर दिले आहे, वेग क्ष आहे, म्हणून समीकरण वेळेचे. वजाबाकीत आधी मोठी वेळ लिहावी, आणि मोठी वेळ कमी वेगाची असते:

१९२/क्ष − १९२/(क्ष + १६) = १

छेद काढल्यावर क्ष² + १६क्ष − ३०७२ = ०, आणि क्ष = ४८ किंवा क्ष = −६४. वेग ऋण नसतो म्हणून −६४ सोडून द्यायचे, आणि ते कारण उत्तरात लिहायचे. मूळ वेगाने ४ तास, वाढवलेल्या ६४ च्या वेगाने ३ तास, अट जुळते.

समीकरण गोष्टीपेक्षा थोडे जास्त बोलते, हे भास्कराचार्यांनाही ठाऊक होते. त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात माकडांच्या कळपाचे उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग गुहेत गेला आणि एक माकड बाहेर दिसले.

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष

याची उत्तरे ५० आणि ५ अशी दोन येतात, आणि दोन्ही समीकरणात बसतात. पण क्ष = ५ घेतल्यास पाचव्या भागातून ३ वजा करताना १ − ३ = −२ माकडे येतात; ऋण संख्येवर लोकांची प्रतीती बसत नाही, म्हणून ते उत्तर घेऊ नये, असे ते सांगतात. पडताळा नेहमी समीकरणात नव्हे, मूळ वाक्यात करावा, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

सरावासाठी शेवटी एक उलटे काम सुचवतो, कारण त्याचा उपयोग पन्नास उदाहरणे सोडवण्याहून अधिक होतो. तयार समीकरण घ्यावे आणि त्याचे मराठी वाक्य करावे. ६०(क्ष − १/२) = ४५क्ष हे समीकरण दोन वाहनांबद्दल आहे असे समजा. क्ष कोणत्या वाहनाची वेळ आहे, आधी कोण निघाले, किती मिनिटे आधी, आणि डावी व उजवी बाजू मिळून कोणते एकच अंतर सांगतात, हे आधी ठरवा. मग ते "मानू" या शब्दाने संपणाऱ्या वाक्यापासून प्रश्नचिन्हापर्यंत लिहून काढा आणि आलेल्या २ तासांनी आपलीच गोष्ट तपासा.